इंग्लंडच्या ग्रामीण भागातील वाहनमुक्त सायकलवाटा : सामान लादून अनेक दिवसांच्या प्रवासासाठी कोणत्या खरोखर उपयोगी आहेत?

रूळवाट

इंग्लंडमध्ये नोकरी किंवा शिक्षणासाठी आलेली मराठी मंडळी एप्रिल उजाडला की हमखास विचारतात, की मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटांवरून, सायकलीवर सामान लादून, चार-सहा दिवसांचा प्रवास करता येतो का. करता येतो, मात्र अशा वाटा या देशात भरपूर असल्या तरी त्या तुकड्यातुकड्यांनी आहेत, आणि एका तुकड्याच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत आपण कसे जाणार, यावरच प्रवास सुखाचा होणार की त्रासाचा हे ठरते. म्हणून एखादी वाट किती देखणी आहे याची वर्णने वाचण्याआधी तिची दोन्ही टोके नकाशावर पाहावीत, असे माझे मत आहे.

वाटा अशा तुटक का, याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी सादर केलेल्या अहवालात २,३६३ स्थानके आणि सुमारे ८,००० किलोमीटर लांबीचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती, आणि त्याआधीही कित्येक शाखामार्ग बंद झालेलेच होते. रूळ उखडले गेले, पण भराव, खोदून काढलेल्या खिंडी, पूल आणि बोगदे जागच्या जागी राहिले. जेथे ही जमीन एकसंध हाती राहिली तेथे आज सायकलवाट आहे; जेथे ती शेजारच्या शेतकऱ्यांना आणि घरे बांधणाऱ्यांना पट्ट्यापट्ट्याने विकली गेली, तेथे वाट एखाद्या परसबागेच्या कुंपणाशी अचानक संपते. वाफेच्या इंजिनांना तीव्र चढ झेपत नसत, त्यामुळे या मार्गांवर पन्नासास एक हादेखील मोठा चढ मानला जाई, आणि मागे पंधरा-वीस किलो सामान असलेल्या सायकलस्वाराला याहून मोठी सोय दुसरी नाही. नकाशावर हा देश सपाट वाटतो. प्रत्यक्षात डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील साधे गावरस्ते वीस टक्क्यांपर्यंत चढतात, आणि खाली उतरून पुन्हा तेवढेच चढतात.

या बेवारस मार्गांवर सायकलवाटा करण्याच्या कल्पनेला बळ मिळाले ते ब्रिस्टलमध्ये. तेथे १९७७ साली सायकलबॅग नावाचा नागरिकांचा गट स्थापन झाला आणि त्याने मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांतून १९७९ ते १९८६ या काळात ब्रिस्टल ते बॅथ ही २१ किलोमीटरची वाट तयार केली. हाच गट पुढे सस्ट्रान्स या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १९९५ साली राष्ट्रीय लॉटरीचे अनुदान मिळाल्यावर त्याने देशभर राष्ट्रीय सायकल जाळे उभे करण्यास सुरुवात केली. २०२५ साली संस्थेने आपले नाव बदलून वॉक व्हील सायकल ट्रस्ट असे केले आहे, तरी पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे.

येथे नवख्या माणसाची फसगत होते, म्हणून सावध करतो. निळ्या पाटीवर लाल चौकटीत पांढरा आकडा दिसला, की तो राष्ट्रीय जाळ्याचा मार्ग आहे एवढेच सिद्ध होते. तो मोटारींना बंद आहे असे मुळीच नाही. या जाळ्याचा साधारण चाळीस टक्के भाग वाहनमुक्त आहे आणि उरलेला सार्वजनिक रस्त्यांवरून जातो. २०२० साली संस्थेने स्वतःच वर्दळीच्या रस्त्यांवरील मोठा हिस्सा, म्हणजे जाळ्याचा जवळजवळ चतुर्थांश भाग, अधिकृत मार्गांतून वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला. त्यामुळे जुने छापील नकाशे वापरणाऱ्यांनी आकड्यांवर विसंबून राहू नये.

आता मुद्द्याच्या वाटा. पहिल्या प्रवासासाठी मी नेहमी ब्रिस्टल, बॅथ आणि डिव्हायझेस हा पट्टा सुचवतो, कारण तेथे तीन निरनिराळ्या प्रकारच्या वाटा एकमेकींना खरोखर जोडलेल्या आहेत. ब्रिस्टल-बॅथ वाट डांबरी, रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. स्टेपल हिल येथे दिवे असलेला अर्ध्या किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा बोगदा लागतो, बिटन येथे जुन्या वाफेच्या गाड्या चालवणारी हौशी मंडळींची रेल्वे काही अंतर वाटेच्या शेजारून धावते, आणि पुढे एव्हन नदी पुन्हापुन्हा ओलांडत आपण बॅथमध्ये शिरतो. २००८ साली याच वाटेच्या काही भागावरून जलद बससेवा नेण्याचा प्रस्ताव आला होता आणि तो लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. वाट किती वापरात आहे हे त्यावरून कळावे.

बॅथच्या दक्षिणेला २०१३ साली खुली झालेली टू टनेल्स ही वाट आहे. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेचा हा मार्ग १९६६ साली बंद झाला. त्यावरील डेव्हनशायर बोगदा ४०९ मीटर लांबीचा, तर कूम डाउन बोगदा १,६७२ मीटर लांबीचा आहे, आणि सायकलींसाठी खुला असलेला हा ब्रिटनमधील सर्वांत लांब बोगदा मानला जातो. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, मध्यभागी दिवे आणि संगीताची एक कलाकृती आहे, आणि एका तोंडातून शिरल्यावर दुसरे तोंड बराच वेळ दिसत नाही. बोगद्यातून बाहेर पडले की टकिंग मिलचा कमानींचा पूल, मग मिडफर्ड, आणि तेथून मंकटन कूममार्गे डंडस जलसेतूशी कालव्यावर येता येते. कालव्याने बॅथला परतले की सुमारे २१ किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण होते. त्यात रस्त्याचा भाग फार थोडा आहे.

तिसरा भाग केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठाचा. १८१० साली पूर्ण झालेला हा कालवा रेल्वेमुळे मोडकळीस आला आणि लोकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९९० साली पुन्हा सलग खुला झाला. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या काठच्या वाटेला येथे टोपाथ म्हणतात. पाण्याची पातळी बदलून नावा वर चढवणाऱ्या किंवा खाली उतरवणाऱ्या दारांच्या टप्प्याला लॉक म्हणतात. बॅथच्या वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत एकही लॉक नाही, म्हणजे वाट पूर्ण सपाट. वाटेत डंडस आणि अव्हनक्लिफ या दोन ठिकाणी अख्खा कालवा दगडी पुलावरून नदी ओलांडतो. ब्रॅडफर्डचे चौदाव्या शतकातील धान्यकोठार काठापासून अगदी जवळ आहे. डिव्हायझेसला पोहोचताना केन हिल येथे कालवा २९ लॉकनी टेकडी चढतो, त्यांपैकी १६ एका सरळ रेषेत आहेत, आणि शेजारून आपणही तो चढ चढतो. पूर्ण प्रवासातला दखल घेण्याजोगा चढ तेवढाच.

डिव्हायझेसला रेल्वे स्थानक नाही. मी टोके पाहा म्हणतो ते यासाठी. तेथून पुढे टोपाथ खडबडीत होत जातो आणि राष्ट्रीय जाळ्याचा चौथ्या क्रमांकाचा मार्ग गावरस्त्यांवरून प्यूझीच्या स्थानकापर्यंत जातो. ज्यांना रस्ता नको त्यांनी डिव्हायझेसला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्ड किंवा ट्रोब्रिजला परतावे आणि तेथे गाडी पकडावी.

दुसरा पर्याय डेव्हनमधील टार्का ट्रेल. ब्रॉन्टनपासून मीथपर्यंत ५० किलोमीटर, बार्नस्टेपल, फ्रेमिंग्टन, इन्स्टो, बिडफर्ड आणि टॉरिंग्टन यांच्या जवळून जाणारी ही वाट देशातील सर्वांत लांब सलग वाहनमुक्त वाटांमध्ये मोडते. एक्झिटरहून बार्नस्टेपलला गाडी येते आणि वाट स्थानकाजवळूनच जाते, म्हणजे एक टोक उत्तम. दुसरे टोक, मीथ, एका लहान खेड्यात आहे, आणि तेथून डार्टमूर या उंच माळरानाच्या पायथ्याच्या ओकहॅम्प्टनपर्यंत चढउतारांचे रस्ते आहेत. ओकहॅम्प्टनला पोहोचले की लिडफर्डपर्यंतचा ग्रॅनाइट वे आणि त्यावरील मेल्डनचा १८७४ सालचा लोखंडी पूल मिळतो, आणि टॅव्हिस्टॉकनंतर प्लिमथपर्यंत पुन्हा बहुतांश जुना लोहमार्ग. समुद्रापासून समुद्रापर्यंतचा हा सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास तीन-चार दिवसांत आरामात होतो, पण तो शंभर टक्के वाहनमुक्त आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

इतर भागांत राहणाऱ्या सभासदांनी आपापल्या परिसरातील वाटांविषयी लिहावे, आणि शक्यतो टोकांविषयी अवश्य लिहावे.

गोदाकाठ

उत्तम धागा. मी शेफील्डला राहत असल्याने जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाविषयी लिहिते.

मोन्सल ट्रेल ही बेकवेलजवळून वाय डेलपर्यंतची साधारण १४ किलोमीटरची वाट १९६८ साली बंद झालेल्या मिडलंड रेल्वेच्या मार्गावर आहे. १९८१ पासून ती लोकांसाठी खुली असली तरी बोगदे मात्र बंदच होते, आणि सायकलस्वारांना दरीत उतरून पायवाटांनी जावे लागे, जे सायकलीसह जवळजवळ अशक्य होते. मे २०११ मध्ये बोगदे दिवे लावून उघडले आणि वाटेचे रूपच पालटले. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच वाय नदीच्या वळणावरचा कमानींचा पूल लागतो. हा लोहमार्ग दरीचा नाश करील म्हणून एकोणिसाव्या शतकातील लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यावर कडाडून टीका केली होती, आणि आता तोच पूल पाहण्यासाठी लोक देशभरातून येतात.

टोकांविषयी सांगायचे तर मोन्सलची परिस्थिती निराशाजनक आहे. पश्चिमेचे टोक ए-६ या वर्दळीच्या रस्त्याशी येते, आणि बक्स्टन गाव तेथून चारेक किलोमीटरवर असूनही त्या रस्त्याने सायकल नेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. पूर्वेकडे बेकवेलला रेल्वे नाही. जवळचे स्थानक मॅटलॉकचे. त्यामुळे बहुसंख्य लोक मोटारीवर सायकली टांगून येतात आणि वाहनतळापासून वाहनतळापर्यंत फिरतात, ही या वाटेची विसंगती आहे. बक्स्टन-मॅटलॉक लोहमार्ग पुन्हा सुरू करावा अशी मागणी करणारेही आहेत, आणि ती मान्य झाली तर या वाटेचे काय, हा वाद येथे अधूनमधून रंगतो.

सामान घेऊन प्रवास करायचा असेल तर टिसिंग्टन ट्रेल आणि हाय पीक ट्रेल अधिक बऱ्या, कारण त्या 'पार्सली हे' नावाच्या ठिकाणी एकमेकींना मिळतात. टिसिंग्टन ट्रेल ॲशबोर्नहून २१ किलोमीटर हळूहळू चढत येते. ती १९७१ साली खुली झाली आणि जुन्या लोहमार्गावर केलेल्या देशातील आरंभीच्या वाटांपैकी आहे. हाय पीक ट्रेल क्रॉमफर्डच्या बाजूने धरली, तर लोहमार्ग सपाट असतात हा आपला समज लगेच दूर होतो. १८३० च्या सुमारास बांधलेली ही रेल्वे कालव्याच्या विचाराने आखलेली होती : बराच भाग सपाट आणि मध्ये मध्ये एकदम उभे उतार, ज्यांवर स्थिर वाफेची इंजिने साखळीने आणि दोरांनी डबे वर ओढत. शीप पॅश्चरचा उतार साधारण आठास एक आहे. सामानासह तो चढण्यापेक्षा पार्सली हे येथून क्रॉमफर्डकडे उतरत यावे, ब्रेक मात्र आधी तपासावेत. क्रॉमफर्डला रेल्वे स्थानक आहे, हा मोठाच फायदा.

उनाडपाऊल

आपल्या दोघांच्या अभ्यासाबद्दल आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. वाहनमुक्त वाटेचा हट्ट धरल्याने इंग्लंडचा ग्रामीण भाग निम्मा तरी हातचा जातो. लोहमार्ग खिंडीतून आणि भरावावरून जातो. खिंडीत दोन्ही बाजूंना झाडीच्या भिंती असतात, त्यामुळे मैलोन्‌मैल एक हिरवा बोगदा सोडून काही दिसत नाही. गावे, चर्च, पब, शेतांची आवारे ही सगळी जुन्या गावरस्त्यांवर आहेत. शिवाय नावाजलेल्या वाटांवर सुट्टीच्या दिवशी मोटारी नसल्या तरी शांतता नसते. ऑगस्टमध्ये कॉर्नवॉलच्या कॅमल ट्रेलवर वेडब्रिज ते पॅडस्टो या नऊ किलोमीटरच्या भागात भाड्याच्या सायकली, मुलांच्या गाड्या आणि लांब दोरीची कुत्री यांतून वाट काढताना ताशी दहा किलोमीटरचा वेगही राखता येत नाही. त्यापेक्षा हेरफर्डशर किंवा श्रॉपशरमधील शांत गावरस्ते कितीतरी पटींनी सुखाचे आहेत.

रूळवाट

उनाडपाऊल, खिंडींविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि कॅमल ट्रेलविषयीचा तर पूर्णपणे. तेथे ज्यांना जायचे आहे त्यांनी वेडब्रिजवरून उलट दिशेला, बॉडमिन आणि वेनफर्डब्रिजकडे जावे. त्या बाजूला चिनी मातीची वाहतूक करणारा लोहमार्ग १९८० च्या दशकापर्यंत चालू होता, वाट दाट जंगलातून जाते आणि गर्दी पॅडस्टोच्या तुलनेत नगण्य असते.

परंतु गावरस्त्यांबाबत एक गोष्ट येथे नव्याने आलेल्या वाचकाला माहीत असणे आवश्यक आहे. अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी असलेल्या अशा बऱ्याच रस्त्यांवर वेगळी वेगमर्यादा लावलेली नसते, म्हणजे तेथे कायद्याने ताशी ६० मैलांची, सुमारे ९६ किलोमीटरची, राष्ट्रीय मर्यादा लागू असते. बहुतेक चालक समंजस असतात आणि आपल्या मागे मुकाट्याने थांबतात, पण आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्याला आपण दिसत नाही. अनुभवी माणसाला त्याचा अंदाज येतो. सामानाने जड झालेली सायकल प्रथमच चालवणाऱ्याला किंवा सोबत मुले असणाऱ्याला मी तो धोका पत्करायला सांगणार नाही. सुरुवात वाटांवर करावी आणि जोडरस्त्यांपुरते गावरस्ते घ्यावेत. पुढे रस्त्यांची गोडी लागली तर कोणाची हरकत आहे?

सावलीचा_थांबा

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. शहरातल्या रेडवे नावाच्या, मोटारींपासून वेगळ्या वाटांवर मुलांना सायकलीची चांगली सवय झाली आहे. थोरला अकरा वर्षांचा आहे, धाकटी पाच वर्षांची असून ती माझ्या सायकलीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये बसते. दोन मुक्कामांचा प्रवास करावा असे मनात आहे. वाटांवर लोखंडी अडसर असतात असे ऐकले, त्यांतून ट्रेलर जातो का?

गोदाकाठ

अडसरांचा प्रश्न अगदी खरा आहे. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून पूर्वी वाटांच्या तोंडाशी इंग्रजी ए आकाराच्या चौकटी, नागमोडी कठडे आणि अर्धवर्तुळातील फाटके बसवली गेली. त्यांतून साधी सायकल कशीबशी निघते. दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली सायकल अडकते, तीनचाकी आणि ट्रेलर तर जातच नाहीत, आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसाला वाटच बंद होते. आता ते काढण्याचे काम चालू आहे, पण सर्वत्र झालेले नाही. सामानाच्या पिशव्या एका हिसक्यात निघतील अशा खटक्यांच्या घ्याव्यात. ट्रेलरसाठी मात्र अडसर नसलेलीच वाट निवडावी लागेल.

तुमच्यासाठी मी रटलंड वॉटर सुचवीन. या मोठ्या जलाशयाभोवतीची वाट हॅम्बल्टनच्या भूशिरासह ३७ किलोमीटर आणि भूशीर वगळून सुमारे २७ किलोमीटर आहे. ओकहॅमचे स्थानक जवळ आहे, भाड्याने सायकली आणि ट्रेलर मिळतात, आणि नॉर्मंटनचे पाण्यात पुढे आलेले चर्च मुलांना फार आवडते. छोटे छोटे चढ आहेत, तेवढ्यापुरते उतरून ढकलावे लागेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचा आनंद वर्तुळात नसतो हे खरे, पण मुले कंटाळली तर कोठूनही परतता येते.

लोखंडी_घोडा

वाटेच्या पृष्ठभागाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते टोकांइतकेच महत्त्व त्याला आहे. वाहनमुक्त या एका शब्दाखाली गुळगुळीत डांबरापासून गुडघाभर चिखलापर्यंत सर्व काही येते. बऱ्याच वाटांवर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली असते. कोरड्या दिवसांत ती उत्तम, पण पाऊस झाला की तिची पांढरी लापशी होऊन ती साखळीत आणि ब्रेकमध्ये जाते. स्कारबरो ते व्हिटबी या ३४ किलोमीटरच्या वाटेला सिंडर ट्रॅक म्हणतात, कारण रुळांखाली दगडी खडीऐवजी कोळशाची राख पसरलेली होती. समुद्रकड्यांवरून जाणारा हा मार्ग १९६५ साली बंद झाला. रेव्हन्सकारच्या उंचवट्यावरून रॉबिन हूड्स बेकडे उतरताना दिसणारा किनारा आणि व्हिटबीजवळचा लार्पूलचा विटांचा उंच पूल यांसाठी तो अवश्य करावा, मात्र काही भाग खडबडीत असल्याने ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर वापरू नयेत.

दक्षिणेत लंडनकरांना सोयीची डाउन्स लिंक ही ६० किलोमीटरची वाट गिल्डफर्डजवळच्या सेंट मार्थाज हिलपासून शोरमच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते. तिच्यावर बेनर्ड्सचा बोगदा बंद असल्याने टेकडीवरून जाणारा उभा वळसा घ्यावा लागतो, आणि हिवाळ्यात तेथे चाके रुतून बसतात. मे ते सप्टेंबर हाच तिचा काळ.

काट्यांविषयीही सांगतो. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, मार्च ते ऑगस्ट, कुंपणझाडी छाटण्यावर निर्बंध असतात. म्हणून शेतकरी सप्टेंबर उजाडताच यंत्राने छाटणी सुरू करतात आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे वाटेवर विखुरतात. शरद ऋतूत जाणाऱ्याने दोन जादा ट्यूब, ठिगळांची डबी आणि जाड अस्तराचे टायर घेतल्याशिवाय निघू नये.

दूरचा_सिग्नल

उत्तरेकडील सी-टू-सी, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या, मार्गाचा उल्लेख राहिला आहे. व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनपासून सुरू होऊन टाइनमथ किंवा संडरलंडपर्यंत जाणारा हा सुमारे २२५ किलोमीटरचा मार्ग १९९४ साली खुला झाला आणि त्याच्या यशामुळेच लांब सायकलमार्गांना या देशात लोकप्रियता लाभली. तो वाहनमुक्त नाही. पेनाइन डोंगररांगेत हार्टसाइडची ५८० मीटर उंचीची खिंड रस्त्यानेच ओलांडावी लागते. परंतु शेवटचा दिवस अप्रतिम आहे. स्टॅनहोपच्या वरच्या माळावरून जुन्या खनिज रेल्वेचा वॉस्कर्ली वे सुरू होतो, हाउन्सगिलचा पूल ओलांडून कॉन्सेटला येतो, आणि तेथून संडरलंडकडे किंवा डर्वेंट वॉकमार्गे न्यूकॅसलकडे जवळजवळ सलग उतार आणि जवळजवळ सलग वाहनमुक्त वाट मिळते. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून सर्व जण पश्चिमेकडून पूर्वेला जातात.

ज्यांना डोंगर नको त्यांच्यासाठी लिंकन ते बॉस्टन ही विथम नदीकाठची ५३ किलोमीटरची वॉटर रेल वे. दोन्ही टोकांना स्थानके आहेत, रूळवाट यांच्या कसोटीवर ती पूर्ण उतरते. प्रदेश पोळपाटासारखा सपाट आहे, त्यामुळे समोरून वारा असेल तर मात्र दिवसभर सुटका नाही.

निवांत_पुणे

मी पुण्याहून जूनमध्ये मुलीकडे रेडिंगला येत आहे. वय साठीच्या पुढे, पण दररोज चाळीस-पन्नास किलोमीटरची सवय आहे. गाडीत सायकल नेण्याचे नियम, मुक्कामाची सोय आणि एखादी नेमकी आखणी कोणी सांगितली तर आभारी होईन.

दूरचा_सिग्नल

काका, गाडीत सायकलीचे वेगळे भाडे पडत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते आणि जागा मोजक्याच असतात. काही गाड्यांत सायकल उभी टांगावी लागते, म्हणून पिशव्या आधी काढून ठेवाव्यात. लंडनकडे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांत कचेऱ्यांच्या वेळी सायकलींना मनाई असते. घडीची सायकल असेल तर यांपैकी कोणताच प्रश्न येत नाही. येथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला वेगळी सवय करावी लागणार नाही. हेल्मेटची सक्ती नाही, अंधारात दिव्यांची आहे.

तंबूबाबत सांगायचे तर इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोठेही तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरच्या सामाईक माळरानांवर तसा हक्क आहे, आणि तो २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. आपण खोली घ्यावी हे उत्तम, आणि सायकल ठेवायला बंद जागा आहे का, हे आधीच विचारावे.

रूळवाट

काका, आपल्याला पाच दिवसांची आखणी सुचवतो. पहिल्या दिवशी रेडिंगहून गाडीने ब्रिस्टल टेंपल मीड्सला उतरावे आणि दुपारनंतर बॅथपर्यंतचे २१ किलोमीटर करावेत. दुसऱ्या दिवशी सामान मुक्कामाच्या जागीच ठेवून दोन बोगद्यांचे वर्तुळ करावे. उरलेला दिवस बॅथ शहरासाठी ठेवावा. तिसऱ्या दिवशी टोपाथने ब्रॅडफर्डला जेवून डिव्हायझेस, अंतर साधारण ३५ किलोमीटर. चौथ्या दिवशी केन हिल उतरून परत ब्रॅडफर्ड. पाचवा दिवस पावसासाठी राखून ठेवावा; पाऊस नसेल तर त्या दिवशी मिडफर्डवरून कॉलियर्स वे या वाटेने फ्रूमच्या दिशेला जाऊन यावे, तोही जुना लोहमार्ग आणि जुना कोळसा कालवा यांच्या आधाराने जातो आणि मध्ये थोडे शांत रस्ते आहेत.

टोपाथवर सायकलींना केवळ मुभा आहे, प्राधान्य पायी चालणाऱ्यांना आहे. पुलांच्या कमानीखाली वाट हातभर उरते आणि पलीकडचे दिसत नाही, तेथे घंटी वाजवून उतरावे. नावा बांधलेल्या ठिकाणी दोर आणि खुंट्या काठावर असतात. वाटेतून फुटणाऱ्या पायवाटांवर पब्लिक फुटपाथ अशी पाटी असेल तर सायकलीला हक्क नाही; पब्लिक ब्रायडलवे असेल तर १९६८ च्या कायद्याने हक्क आहे, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्यावे लागते.

जेवणाचे गणित सांभाळावे. पबमधील स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होते ते थेट संध्याकाळी उघडते, आणि खेड्यातील दुकान रविवारी लवकर बंद होते, म्हणून दुपारचा डबा सोबत असलेला बरा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असल्याने घाई करण्याचे कारण नाही.

निवांत_पुणे

फार आभारी आहे. सायकल पुण्याहून आणावी की तेथे भाड्याने घ्यावी?

रूळवाट

एवढ्या अंतरासाठी भाड्याची पुरेल. ब्रिस्टल आणि बॅथ दोन्ही ठिकाणी मिळते. मागे सामानाचे कॅरिअर आणि चिखलरोधक पंखे आहेत ना, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे, कारण भाड्याच्या बऱ्याच सायकलींना ते नसतात. स्वतःचे खोगीर मात्र पुण्याहून आणावे, ते सामानात सहज मावते.